वेटसूट पोहण्याला काय देतो, काय घेतो: नागपुरात राहून थंड पाण्याची तयारी

मे महिन्यात कूलरसमोर बसलेल्या नागपूरकराला ‘मी रबरी सूट घालून पोहायची प्रॅक्टिस करतोय’ असं सांगितलं, तर तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून बघेल. ऊन लागलं की काय याला! माझ्या बाबतीत त्याचा संशय खराच ठरला असता. ऑगस्टमधल्या परदेशी शर्यतीसाठी घेतलेला सूट मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी पाचला, एका उघड्या पूलमध्ये घालून उतरलो. सहाव्या लॅपला कानशिलं ठणकायला लागली, दहाव्याला मळमळायला लागलं. काठावर बसून पाठीची चेन उघडली तर आतून निघालेलं पाणी चहाला आधण म्हणून चाललं असतं. त्या दिवशीची वेळ मी नोंदवलीच नाही. सूट कुणाला, कधी आणि किती उपयोगी पडतो हे न बघता मी पैसे मोजले होते. तुम्ही ते उलट्या क्रमाने करू नये म्हणून हा लेख.

आधी नियम आणि पाण्याचं तापमान बघा

नागपुरातल्या दहापैकी नऊ पोहणाऱ्यांना वेटसूटची गरज नाही. पूलमधल्या स्पर्धेत तो चालत नाही. गोवा, मालवणकडचा समुद्र वर्षभर कोमट असतो, तिथे सूट घालणं म्हणजे स्वतःला वाफवणं. गरज पडते ती हॅम्बर्ग, ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट, कझाकस्तानातलं अस्ताना अशा ठिकाणी ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) किंवा त्याचाच लांब पल्ल्याचा प्रकार असलेली आयर्नमन करायला जाणाऱ्यांना. अलीकडे विदर्भातूनही अशी मंडळी निघतात, म्हणून विषय आपल्याकडेही आला.

नियम पाण्याच्या तापमानावर चालतो. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या शर्यतीत १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्याला वयोगटातल्या, म्हणजे हौशी, स्पर्धकांसाठी पाणी २२ अंश किंवा वर असलं की सूट बंद. एलिट खेळाडूंसाठी ही रेघ २० अंशांवर आहे. जाडी कुठेही ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आयर्नमनमध्ये वयोगटांना २४.५ अंशांपर्यंत सूट घालता येतो. त्यापुढे २८.८ पर्यंत घालून पोहता येतं, पण बक्षिसाच्या यादीत नाव येत नाही. २८.८ च्या वर पूर्ण बंदी. तापमान शर्यतीच्या आसपास मोजून जाहीर करतात, म्हणजे हजारो रुपयांचा सूट बॅगेत घेऊन गेलात आणि त्या वर्षी तिथे उष्णतेची लाट आली तर तो बॅगेतच राहतो. ही शक्यता धरून सुटाशिवायची तयारीही पक्की ठेवा.

खाडी पोहणाऱ्यांचं जग वेगळं. इंग्लिश खाडीत उन्हाळ्यातही पाणी साधारण १५ ते १८ अंश असतं, आणि तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे साधा कॉस्च्युम, टोपी, गॉगल आणि अंगाला चरबी, एवढंच. १९५८ मध्ये मिहिर सेन, १९५९ मध्ये आरती साहा असेच गेले. आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात सामुद्रधुन्यांची ‘ओशन्स सेव्हन’ मालिका २०१८ मध्ये पूर्ण केली तीही वेटसूटशिवाय. तुमचा मनसुबा खाडीचा असेल तर हा लेख इथेच सोडा आणि बर्फाच्या पाण्याची सवय लावायला लागा.

सूट नेमकं करतो काय

निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० सालचं. त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे भरून फोमसारखा पत्रा करतात. १९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने त्याचा पाणबुड्यांसाठी सूट केला. पोहण्याच्या शर्यतीसाठी खास शिवलेला सूट मात्र १९८७ चा, अमेरिकेतल्या क्विंटाना रू कंपनीचा. कल्पना उबेची होती, पण पोहणाऱ्यांच्या लक्षात आलं की खरा फायदा त्या बुडबुड्यांचा आहे.

हिशेब सोपा आहे. अंगावरच्या सुटाचं क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर धरा, सरासरी जाडी ४ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ ७ लिटर फोम. इतकं पाणी बाजूला सरतं, आणि फोमचं स्वतःचं वजन दीड किलोच्या आसपास. राहिलेले पाचेक किलो तुम्हाला वर ढकलत राहतात. त्यातही बनवणारे जाड पत्रा मांड्या-कंबरेला लावतात आणि खांद्याला पातळ, दीड-दोन मिलिमीटरचा. कारण बुडते ती कंबर आणि पाय. छातीत हवा असते, ती आपोआप तरंगते.

कंबर बुडाली की अंग पाण्यात तिरकं होतं आणि पाण्याला आडवं येणारं अंग वाढतं. ती वर आली की पाण्याचा अडथळा कमी होतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी १९८९ मध्ये ट्रायथलॉन सुटांवर हे मोजलं: सेकंदाला सव्वा मीटर वेगाने पोहताना अडथळा सुमारे १४ टक्क्यांनी घटला. इथे बरेच जण फसतात. अडथळा १४ टक्के कमी म्हणजे वेग १४ टक्के जास्त, असं नाही. पाण्यातला अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो तो साधारण ५ टक्के. पोहणाऱ्यांच्या नोंदींमध्ये ३ ते ७ टक्क्यांचा फरक वारंवार दिसतो तो यामुळेच.

मिनिटांत सांगतो. १.९ किलोमीटरला १०० मीटरमागे २ मिनिटं १५ सेकंद लावणारा माणूस पावणेत्रेचाळीस मिनिटांत बाहेर येतो. ५ टक्के वाचले तर दोन मिनिटांहून थोडं जास्त. दीड मिनिटाने पोहणारा साडेअठ्ठावीसला बाहेर येतो. त्याला ३ टक्के मिळाले तर ५१ सेकंद. म्हणजे सूट सर्वांना सारखा न्याय देत नाही. पोहायला उशिरा शिकलेला, सायकलिंग-रनिंगवाला, बारीक, जड मांड्यांचा, पाय खाली लटकणारा माणूस सर्वात जास्त कमावतो. लहानपणापासून पूलमध्ये वाढलेला, आधीच आडवा तरंगणारा माणूस कमी कमावतो. बायकांचे पाय सहसा आधीच थोडे वर राहतात, त्यामुळे त्यांनाही फायदा बहुधा कमी. समुद्रात तो आणखी घटतो, कारण खारं पाणी मुळातच अडीच टक्के जड असतं आणि तरंगवायचं थोडं काम तेच करतं. आपण नागपूरकर गोड्या पाण्यात शिकलेलो, तेव्हा तळ्यातल्या शर्यतीत सुटाची किंमत आपल्याला चांगली कळते.

ही गोष्ट गुळगुळीत सुटांच्या वादाने जगाला एकदा शिकवली आहे. २००८-०९ मध्ये पूलच्या पोहण्यात पॉलियुरेथेनचे सूट आले, २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते बंद करावे लागले. अंगाला चिकटलेलं थोडं रबरही पोहणाऱ्याला किती उचलतं, ते तेव्हा दिसलं.

आता घेतो काय. खांदे फिरवताना रबर ताणावं लागतं, म्हणून हाताचे स्नायू लवकर दुखतात. छाती आवळली जाते. घाम बाहेर जात नाही. आणि ज्यांची किक जोरदार आहे त्यांचे पाय पाण्याबाहेर येऊन हवेत फडफडतात, किक वाया जाते.

विकत घेण्याआधीची चाचणी, पुल बॉयने

हे नक्की करा, पैसे लागत नाहीत. पुल बॉय म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा. तुमच्या कोचकडे असतोच. तो कंबर उचलतो, सूट करतो तेच काम.

एका दिवशी नीट वॉर्मअप करा. ४०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीच्या वेगाने, घड्याळ लावून. दहा मिनिटं विश्रांती. मग पुल बॉय लावून, पाय न मारता, तितक्याच दमाने ४००. दोन दिवसांनी क्रम उलटा करून परत. दोन्ही दिवसांची सरासरी काढा.

पुल बॉय लावून तुम्ही वेगवान झालात तर तुमचे पाय ब्रेक लावत आहेत, सुटाचा तुम्हाला भरपूर फायदा होईल. वेळ जवळपास सारखी आली तर मध्यम. पुल बॉयने हळू झालात तर तुमची किक खरंच काम करते. तुम्ही सूट उबेसाठी घ्या, वेगाची फार आशा ठेवू नका. माझा फरक ४०० मीटरला १४ सेकंदांचा निघाला, पुल बॉयच्या बाजूने. लाजच वाटली. सूट घेतला तो घेतलाच, पण त्या वर्षी सहा महिने मान खाली ठेवायला आणि कंबरेपासून वळायला शिकण्यात घालवले, आणि ते सुटापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

सूट निवडताना

सर्फिंगचा किंवा डायव्हिंगचा सूट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्यांच्यावर बाहेरून कापड असतं, ते पाणी धरतं, आणि खांदे लाकडासारखे कडक. पोहण्याच्या सुटाची बाहेरची बाजू गुळगुळीत काळी कातडी असते, बऱ्याचदा वर पाणी सरकवणारा लेप. रबराच्या वर्णनात यामामोटो ३८, ३९, ४० असे आकडे दिसतील. हे जपानी कंपनीचे दर्जे आहेत, आकडा वर गेला की रबर जास्त मऊ आणि लवचिक. महागडं रबर खांद्याला लागतं, पायाला नाही, म्हणून खांद्याला ३९-४० आणि बाकी ३८ असलेला सूट हा माझ्या मते शहाणा सौदा.

बाह्या असलेला की बिनबाह्यांचा? पूर्ण बाह्यांचा जास्त उबदार आणि सहसा थोडा जास्त वेगवान. बिनबाह्यांत काखेतून पाणी शिरतं, पण खांदे मोकळे. पाणी २० च्या आसपास आणि तुमचे खांदे आधीच कुरकुरत असतील तर बिनबाह्यांचा. एरवी पूर्ण.

मापात चुकलात तर सगळं वाया. फक्त उंची बघू नका, वजन आणि छाती जास्त महत्त्वाची. कोरड्या जमिनीवर तो तुम्हाला त्रासदायक घट्ट वाटला पाहिजे, पाण्यात गेल्यावर सैलावतो. मानेला एक बोट शिरावं. कमरेच्या खाली, पाठीच्या खळग्यात हवेचा फुगा राहत असेल तर माप मोठं. तिथे पाणी साचेल आणि तुम्ही खाली एक घडा घेऊन पोहाल. हात डोक्यावर नेल्यावर जांघ ओढली जात असेल तर धड लांब आहे, उंच माप हवं. नागपुरात घालून बघायला मिळणं कठीण. ऑनलाइन मागवणार असाल तर बदलून मिळण्याची अट आधी वाचा, आणि घरात घालून बघताना लेबल काढू नका.

घालायची पद्धत

हीच पायरी लोक घाईत करतात आणि सूट इथेच फाटतो. पंधरा मिनिटं हातात ठेवा. नखं कापलेली हवीत; नखाने ओढलं की त्या काळ्या कातडीवर चंद्रकोरीसारखा काप पडतो. बोटांच्या पेरांनीच धरायचं, किंवा सुती हातमोजे घाला. पाय आत घालताना पायाला प्लास्टिकची पिशवी चढवा, सर्रकन शिरतो. घोट्यापासून थोडं थोडं वर चढवा. घोट्याला अर्धा वीत वर राहिला तरी चालेल.

सर्वात महत्त्वाचं: जांघ आधी बसवा. तिथे दोन बोटं फट राहिली तर सगळी ओढ खांद्यावर येते आणि लोक म्हणतात, सूट बेकार आहे. मांडीवरचं रबर दोन्ही हातांनी चिमटीत घेऊन वर सरकवत जा, मग पोट, मग बाह्या. शेवटी काखेतल्या सुरकुत्या खांद्याकडे ढकला. चेन दुसऱ्याकडून लावून घ्या, आणि लावताना खांदे मागे. मानेच्या मागे आणि काखेच्या कडेला वंगण लावा, नाहीतर डोकं वर काढून दिशा बघण्याच्या प्रत्येक वेळी मान सोलून निघते. पेट्रोलियम जेलीने रबर खराब होतं असं बनवणारे सांगतात, म्हणून पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं वापरा.

हा सराव घरी, कूलर पूर्ण जोरात लावून करा. तेही पहाटे. मी एकदा दुपारी केला, आणि आईने कूलरमध्ये बर्फ टाकून वर ‘काहून करतो बापा असं’ म्हटलं, ते वेगळं.

नागपुरात सराव कधी आणि कसा

आपला हंगाम डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. नागपुरात पारा कधी कधी चांगलाच खाली येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो ३.५ अंशांवर गेला होता. बरेच उघडे पूल त्या काळात बंद असतात, पण जो चालू सापडेल तिथे पहाटे जा आणि पाण्यात थर्मामीटर टाका. २२ च्या खाली असेल तर सूट घालून नीट सराव करा. २२ ते २५ असेल तर वीस मिनिटांपलीकडे नको. २५ च्या वर सूट घालून पोहणं हा सराव नाही. डोकं जड होणं, मळमळ, अंगावर काटा येणं यापैकी काहीही जाणवलं की मानेतून पाणी आत सोडा आणि बाहेर या.

शर्यत ऑगस्टमध्ये आणि सराव जानेवारीत, हे गैरसोयीचं आहे, पण इलाज नाही. मध्ये मार्च ते जुलै कंबर-पाठीचं तंत्र आणि खांद्यांची ताकद वाढवा. ताणपट्टीने आठवड्यातून दोनदा हात मागे खेचण्याचे व्यायाम करा. रबर ताणणाऱ्या खांद्यांना त्याचाच उपयोग होतो. शर्यतीच्या गावी तीन-चार दिवस आधी पोचा आणि तिथल्या थंड पाण्यात सूट घालून दोन वेळा तरी पोहा.

तलावाचा मोह होतो. अंबाझरी डोळ्यांसमोर असतो, रामटेकजवळचं खिंडसी तर फार मोहक. परवानगी, सोबतीला होडी आणि कमरेला रंगीत फुगा, हे तिन्ही असल्याशिवाय उतरू नका. जलपर्णी पायात अडकली की सूट तुम्हाला तरंगत ठेवेल, सोडवणार नाही.

सुटात पोहताना तंत्रात तीन-चार बदल करा. पहिल्या शंभर मीटरमध्येच मानेची कडा ओढून थोडं पाणी आत घ्या. ते अंगाबरोबर तापतं, सूट खांद्यावर मऊ बसतो. किक कमी करा, फक्त तोल राखण्यापुरती. पाय पुढे सायकलला लागणार आहेत. हात लांब तरंगत सोडण्याऐवजी स्ट्रोकचा वेग थोडा वाढवा, कारण सूट आधीच घसरवतोय आणि लांब थांबण्याची गरज नाही. दर आठ-दहा स्ट्रोकला दिशा बघा. डोळे फक्त मगरीसारखे वर, अख्खं डोकं नाही.

थंड पाण्यात पहिली तीन मिनिटं

सूट असला तरी चेहरा, हात, पाय उघडेच असतात. एकदम थंड पाणी लागलं की श्वास ओढला जातो, छाती धडधडते आणि माणूस घाबरतो. यात वेटसूटची आवळलेली छाती भर घालते. पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ थंड पाण्यात राहिल्यावर ही प्रतिक्रिया बऱ्यापैकी मंदावते. म्हणून नागपुरात ड्रममध्ये बर्फाची लादी फोडून टाका, पाणी १५ ते १८ वर आणा, गळ्यापर्यंत दोन-तीन मिनिटं बसा आणि लांब श्वास सोडायला शिका. बाजूला कुणीतरी उभं असलंच पाहिजे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

शर्यतीत एक खूण लक्षात ठेवा: पोहताना अचानक धाप, सतत खोकला, फेसाळ थुंकी. फुप्फुसात पाणी साचण्याचा हा धोका थंड पाणी आणि फार घट्ट सूट यांच्या जोडीने वाढतो. तिथे थांबा, पाठीवर उताणे व्हा, हात वर करून होडी बोलवा. तरंगत राहायला पाच किलोची मदत आहेच.

बाहेर पडताना आणि नंतर

बाहेर पळतानाच पाठीची दोरी ओढून चेन उघडा, बाह्या कमरेपर्यंत उतरवा. आत ओल असते तोवर सूट सहज निघतो. सायकलजवळ तो गुडघ्याखाली ढकला, एका पायाने दाबून धरा आणि दुसरा काढा. घड्याळ मनगटावर बाहीवरून बांधलं असेल तर तिथेच अडकाल, म्हणून ते आतून बांधा.

पूलचं क्लोरीन रबर खातं, म्हणून प्रत्येक वेळी साध्या थंड पाण्याने आतून-बाहेरून धुवा. वॉशिंग मशीन नको. आधी आतली बाजू बाहेर काढून वाळवा, मग उलटा. आणि गच्चीवर उन्हात कदापि नाही! आपलं मे महिन्याचं ऊन कुरडया-पापडांना ठीक आहे, निओप्रीन त्यात कडक होऊन भेगाळतं. बारीक हँगरवर लटकवू नका, खांदे ताणले जातात. जाड दांडीवर कमरेत दुमडून टाका किंवा सैल गुंडाळून कपाटात ठेवा. नखांचे छोटे काप दिसले तर ते मोठे होण्याआधी निओप्रीनचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मग चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. माझ्या डाव्या मांडीवर असे चार ठिगळ आहेत, चारही त्या मेच्या संध्याकाळचे.